गोल कोणी मोडला?

पानिपतावर बोलायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही. लग्नाची पंगत असो, एसटीचा प्रवास असो, विषय निघाला की वाद ठरलेल्या जागी येऊन अडतो. एक पक्ष म्हणतो, सदाशिवरावभाऊंनी गोल बांधून लढायचे ठरवले तिथेच घात झाला. मल्हारराव होळकरांचे ऐकून गनिमी काव्याने लढायला हवे होते. दुसरा म्हणतो, गोल बरोबरच होता, पण विंचूरकर आणि गायकवाड घोडी फेकून पुढे गेले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या तोंडावर आपलीच माणसे आली आणि गोल फुटला. अडीचशे वर्षांहून अधिक काळ हा खटला चालू आहे आणि दोन्हीकडचे वकील आकृतीवरच बोलत आहेत.

मला हा वादच चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. घोडदळासमोर उभ्या राहणाऱ्या पायदळाचा कोणताही व्यूह, गोल म्हणा, चौकोन म्हणा, नुसती रांग म्हणा, आकाराच्या जोरावर टिकत नाही. त्यातल्या शिपायाचा पगार किती महिने थकला आहे, काल त्याच्या पोटात काय गेले आणि त्याला हुकूम देणारा अजून मैदानात आहे की नाही, यावर तो टिकतो. हे तपासायला थेट हरियाणात जायला नको. सुरुवात पारनेर तालुक्यातूनही करता येते.

राळेगणसिद्धी म्हटले की पाणलोटाचे काम आणि उपोषणे आठवतात. लढायांच्या यादीत हे नाव शोधू नये. पण गावाचा फाटा ज्या पुणे-नगर रस्त्याला लागतो, तो रस्ता आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे बंदूक आणि घोडा यांच्या झुंजीचा नकाशाच आहे. पुण्याच्या दिशेने घोड नदी ओलांडली की शिरूर. तिथे इंग्रजांची छावणी होती आणि कोरेगावला गेलेली पलटण तिथूनच निघाली. उलट्या दिशेला नगरचा भुईकोट. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने तो घेतला आणि पुढच्याच महिन्यात तो असईला भिडला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड तालुक्यात खर्डा. आणि पारनेर तालुक्यातच जामगाव, जिथे महादजी शिंद्यांचा वाडा आहे. मराठ्यांच्या पायदळाची गोष्ट सांगायची तर ती या वाड्याला वगळून सांगता येत नाही.

आधी हत्यार समजून घेऊ. अठराव्या शतकातल्या चकमकीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात सैल बसे. शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशीब. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, तेही दारू कोरडी असेल तर. भरधाव घोडा शेवटची दोनशे पावले अर्ध्या मिनिटाच्या आत तोडतो. म्हणजे घोडा अंगावर येईपर्यंत एक बार, फार तर दोन. पुढचे काम संगिनीचे. बंदुकीच्या टोकाला संगीन बसवता येऊ लागली तेव्हा बंदूकवाल्याच्या रक्षणासाठी वेगळा भालाईत ठेवण्याची गरज संपली. मग चार बाजूंना तोंड करून, दोन-तीन-चार रांगांत, पहिली रांग गुडघ्यावर बसलेली, दस्ता जमिनीला टेकवून संगीन तिरकी रोखलेली, आणि मधल्या पोकळीत निशाण, जखमी, दारूगोळा आणि अंमलदार, असा चौकोन उभा राहिला. अशा चौकोनाला पाठ नसते, त्यामुळे मागून गाठण्याची घोडेस्वाराची हमखास युक्ती तिथे चालत नाही. शिवाय स्वार कितीही बेभान असला तरी घोडा शहाणा असतो. पात्यांच्या कुंपणात तो शिरत नाही, कडेने वळतो आणि वळताना गोळी खातो.

अपवाद आहेत, आणि ते उद्बोधक आहेत. १८१२ मध्ये स्पेनमधल्या गार्सिया हर्नांडेझला एक फ्रेंच चौकोन फुटला, तो गोळी लागलेला घोडा स्वारासकट संगिनींवर कोसळल्यामुळे. एवढ्याशा खिंडारातून मागचे स्वार आत घुसले. चौकोन फुटायला एक माणूस पुरतो. तो मेला तर मागच्या रांगेतला पुढे सरकतो आणि भोक बुजते. पण तो जिवंतपणी मागे वळला, तर शेजारच्याची बाजू उघडी पडते, आणि शेजारच्याला ते डोळ्यांनी न बघताही कोपराला कळते. माझ्या मते या व्यूहाचे सगळे शास्त्र त्या कोपरात आहे.

चौकोनाचा खरा वैरी घोडा नव्हे, तोफ. माणसे दाटून उभी असतात. एक गोळा दहा-बारा जणांना घेऊन जातो. म्हणून हुशार सेनापती घोडदळाची भीती दाखवून पायदळाला चौकोनात कोंबतो आणि मग तोफा लावतो. १८ जून १८१५ ला वॉटर्लूच्या चढावर फ्रेंच घोडदळ ब्रिटिश चौकोनांवर पुन्हा पुन्हा आदळले आणि फुकट मेले, कारण त्याच्या सोबत पुरेसे पायदळ आणि घोडतोफा आल्या नाहीत. आणि दुसरी अडचण, चालण्याची. उभा चौकोन मजबूत. चालता चौकोन म्हणजे चार दिशांना तोंड केलेल्या माणसांनी एकाच दिशेला, एकाच गतीने, ओळ न मोडता जायचे. कवायतीच्या मैदानावरसुद्धा हे अवघड. उपाशी माणसांनी, मध्ये बायकापोरे आणि बुणगे घेऊन हे करायचे म्हणजे काय, याची कल्पना केली की १४ जानेवारी १७६१ ची सकाळ डोळ्यांपुढे येते.

त्या दिवशी भाऊंचा बेत लढाई जिंकण्यापेक्षाही वाट काढण्याचा होता. तोफा आणि गारदी, म्हणजे कवायती पायदळ, यांच्या आधाराने एक मोठा पोकळ गोल करून, लढाऊ नसलेल्यांना पोटात घेऊन यमुनेकडे सरकायचे. कागदावर या बेतात वेडेपणा काही नाही. वेढलेल्या फौजेला दुसरे काय करता आले असते? गनिमी कावा? त्याला चपळ घोडी लागतात, आणि छावणीतली घोडी चाऱ्यावाचून वाळली होती. त्याला आपला मुलूख लागतो, वाट दाखवणारा पाटील लागतो, कुणाच्या तरी पेवातले धान्य लागते. यातले पानिपतावर काय होते? इतिहासकार शेजवलकरांनंतर तरी भाऊंना निव्वळ हेकट ठरवून मोकळे होणे सोपे राहिलेले नाही.

गोल मोडला तो सकाळी मैदानात नव्हे, आधीचे अडीच महिने छावणीत. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, धान्य आणि लूट मिळवली, आणि आठ-दहा दिवसांतच अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये येऊन बसला. तेव्हापासून दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारीत दिल्लीहून येणारा खजिना अफगाणांच्या हाती पडला. शेवटी माणसे भाऊंच्या डेऱ्यापाशी आली आणि म्हणाली, दोन दिवस पोटात अन्न नाही, असे मरण्यापेक्षा लढून मरू. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने हे सगळे लिहून ठेवले आहे, आणि त्यानेच इब्राहिमखानाचा एक प्रसंग नोंदवला आहे. लढाईच्या सकाळी गारद्यांचा हा सरदार भाऊंकडे गेला. माझ्या माणसांचा महिन्याचा पगार महिन्याला मागतो म्हणून आपण माझ्यावर नाराज असता, या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि काहीच मिळाले नाही, पण इतके दिवस खाल्लेला पगार आज फेडून दाखवतो, अशा अर्थाचे तो बोलला.

पानिपतावर एवढे लिहिले-बोलले जाते, पण मला या प्रसंगाइतके त्या सैन्याचे मर्म सांगणारे दुसरे काही सापडत नाही. बाकीच्या छावणीला गारदी आवडत नसत, ते याच कारणाने. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई, लुटीवर आणि सरंजामावर जगे, आणि पगार थकणे ही त्याच्या लेखी रीतच होती. गारदी रोख मागे. त्याला शेती नव्हती, घोडे नव्हते. होती ती कवायत, आणि कवायत रोज करावी लागते, तिला रोजचे पोट लागते. रोख पगार ही कवायती फौजेची चैन नव्हती, तिचा पाठकणा होता. हे इब्राहिमखानाला कळत होते. दरबाराला ती कटकट वाटत होती.

त्या दिवशी खानाने काय केले हेही पाहण्यासारखे आहे. काशीराजाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दोन पलटणी बाजूच्या शत्रूकडे तोंड करून ठेवल्या, कूस झाकली, आणि उरलेल्या सात घेऊन, बार थांबवून, संगिनी रोखून तो रोहिल्यांवर चालून गेला. स्वतः हातात निशाण घेऊन. हाफिज रहमत आणि दुंदेखान यांच्या फौजेची त्याने दैना केली आणि त्यात त्याच्याही सहा पलटणी जवळजवळ संपल्या. म्हणजे गोलाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याला आपण ओळखतो तोच सकाळच्या प्रहरी बचाव सोडून चढाईवर गेला. दुपारपर्यंत मराठे हरत नव्हते. मग विश्वासराव पडले, अब्दालीने राखीव फौज ओतली, उंटांवरच्या जंबुरकांनी दाटीत गोळे टाकले, आणि उजवीकडची होळकरांची बाजू मैदानातून निघाली. विंचूरकर-गायकवाडांवर बखरींनी ठेवलेला ठपका खरा धरला तरी प्रश्न उरतोच: एका सैन्यात, एका दिवशी, एका सरदाराने बार कधी थांबवायचे आणि दुसऱ्याने घोडी कधी सोडायची हे ठरवणारा एकच हुकूम का नव्हता? उत्तर पुन्हा पगाराशी येऊन थांबते. ज्याची फौज स्वतःच्या सरंजामावर जगते तो दुसऱ्याचा हुकूम सल्ल्यासारखा ऐकतो.

त्या पळापळीत तिशीतला एक तरुण पायावर जबर घाव घेऊन पडला. राणेखान नावाच्या पखालीवाल्याने त्याला बैलावर घालून वाचवले. हा महादजी. तो जन्मभर लंगडत राहिला, आणि राणेखानाला त्याने भाई मानून सरदार केले. पाणी वाहणाऱ्याने सेनापती वाचवावा, यात मला दैवी योगायोग दिसत नाही. फौजेत पाणी वाहणाऱ्याची किंमत काय, ते कळलेला एक सेनापती त्या दिवशी तयार झाला, एवढेच दिसते.

महादजींनी दुसरा धडा १७७९ च्या जानेवारीत घेतला. राघोबांना गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज, हजारो बैल ओढत, घाट चढून तळेगावपर्यंत आली. ४ तारखेला कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. हाच आपला इष्टुर फाकडा. तळेगावची दाणावैरण मराठ्यांनी आधीच जाळून टाकली होती. ११ च्या रात्री इंग्रज माघारी फिरले आणि वडगावला कोंडले गेले. हा मराठी युद्धकलेचा निर्मळ विजय आहे, आणि तो रसद तोडून मिळवलेला आहे. पण त्या माघारीत कॅप्टन हार्टलेची पिछाडीची तुकडी, सगळीकडून मराठी घोडदळ तुटून पडत असताना, ओळ न मोडता मागे सरत होती. त्या शिपायांत बहुतेक याच मातीतले होते. वडगावचा तह गाजला. महादजींनी मात्र ती पिछाडी लक्षात ठेवली असावी, कारण पाच वर्षांनी, १७८४ मध्ये, त्यांनी सव्हॉयच्या ब्न्वा द बॉयनला दोन पलटणी उभ्या करायला नोकरीत घेतले.

त्यानंतर १७८७ च्या जुलैत लालसोटला जे घडले ते माझ्या म्हणण्याचा इतका नेमका पुरावा आहे की कुणी मुद्दाम मांडला असता तर खोटा वाटला असता. राठोडांचे घोडदळ शिंद्यांच्या फौजेवर आले, आणि द बॉयनच्या नव्या पलटणी जागच्या हलल्या नाहीत. त्याच मोहिमेत, काही दिवसांच्या अंतराने, शिंद्यांकडच्या जुन्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. कारण? पगार थकला होता. सेनापती एकच, शत्रूही एकच. फरक होता तो हिशेबाच्या वहीत.

महादजींनी वही दुरुस्त केली. पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला सुपीक मुलूख नेमून दिला आणि त्याचा वसूल द बॉयनच्या हाती ठेवला. म्हणजे पगार दरबाराच्या मर्जीवर राहिला नाही. १० सप्टेंबर १७९० ला मेडत्याला याचे फळ दिसले. एक कप्तान हुकमाशिवाय पुढे गेला, मार खाऊन मागे फिरला आणि राठोडांचे निवडक स्वार त्या गोंधळावर तुटून पडले. पानिपतावर याच क्षणी सगळे संपले असते. द बॉयनने पलटणींचा पोकळ चौकोन केला. राठोड चारही बाजूंनी फिरत राहिले, हटले नाहीत, आणि केशरी बाण्याचे ते स्वार शेवटी तिथेच संपले. त्यांच्या शौर्याबद्दल त्यांचे शत्रूही आदरानेच बोलले. पण मेडता जिंकले ते मराठ्यांच्या पायदळाने, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. पानिपतच्या गोलावर भांडणाऱ्या मराठी माणसाला मेडत्याचा चौकोन माहीत नसतो. गाजलेल्या पराभवासमोर विजय विसरण्याची आपली ही खोड जुनी आहे.

गारदी हा शब्द मराठीत शिवीसारखा झाला तो १७७३ मुळे. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, आणि त्याही बंडाला थकलेल्या पगाराचे निमित्त होते. कारस्थानी वेगळे, त्यांची कारणे वेगळी, हे मान्य. पण उपाशी पलटण दरवाजातून आत घेणे सोपे जाते. इब्राहिमखान आणि त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या सुमेरसिंग हे एकाच पेशातले दोघे. एकाने थकलेला पगार रक्ताने फेडला, दुसऱ्याने वसूल केला.

खर्ड्याबद्दल थोडक्यात. ११ मार्च १७९५ ला निजामाकडे रेमाँच्या फ्रेंच धाटणीच्या पलटणी होत्या, मराठ्यांकडे शिंदे-होळकरांच्या तशाच. रेमाँच्या पलटणी फुटल्या नाहीत. निजामच रात्रीत घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि पलटणींना मागे यावे लागले. आपण ही लढाई मराठ्यांची शेवटची एकजूट म्हणून साजरी करतो, ते ठीक. पण जिंकणाऱ्यांनी तिच्यातला इशारा वाचायला हवा होता: मालक पळाला तर उत्तम पायदळही निकामी. आठ वर्षांनी हाच प्रकार आपल्या बाजूने झाला.

२३ सप्टेंबर १८०३, असई. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या पलटणी पोलमनच्या हाताखाली उभ्या होत्या. वेलस्ली अनपेक्षित ठिकाणी नदी उतरून बाजूला आला, तेव्हा पोलमनने सगळी फळी वळवून त्याच्या समोर आणली. इतक्या मोठ्या कवायती फौजेने शत्रूच्या डोळ्यांदेखत तोंड फिरवणे सोपे नाही, आणि वेलस्लीला तशी अपेक्षा नव्हती. त्याची ७४ वी पलटण वाट चुकून असई गावाच्या तोफांखाली गेली, पुरती भाजून निघाली, मग तिच्यावर मराठी घोडदळ आले. उरलेल्यांनी मेलेल्यांच्या ढिगाऱ्याआड वेडावाकडा चौकोन करून जीव धरला, मॅक्सवेलचे घोडदळ येईपर्यंत. त्या एका पलटणीची जवळजवळ ४०० माणसे पडली. एकूण इंग्रज बाजूची १,५८४. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा बार देऊ लागले. पण दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले तोवर मैदान सोडून गेले होते, पायदळातले इंग्रज अंमलदार लढाईआधीच कंपनीच्या आमिषाने निघून गेले होते, आणि उरलेले घोडदळ बहुतांशी बघत राहिले. महादजींनी उभारलेले शरीर तसेच होते, डोके नव्हते. वॉटर्लूच्या चौकोनांमध्ये घोड्यावरून फिरणारा वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. पुढे विचारले तेव्हा आपल्या सर्वोत्तम लढाया सांगताना त्याने असईचे नाव घेतले.

इथे गनिमी काव्याच्या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा घ्यायला हवा. ते म्हणतात, असईच आमचा पुरावा. पलटणी आणि तोफा यांच्या मागे लागून मराठ्यांनी आपले चापल्य घालवले. नुसत्या घोडदळावर राहिले असते तर इंग्रजांना कधीच हाती लागले नसते. काही इंग्रज अंमलदारांचेही असेच मत होते. मला हा मुद्दा अर्धा पटतो. पलटणी महाग असतात, आणि ज्या राज्याला त्यांचा पगार वेळेवर देता येत नाही त्याने त्या ठेवणे म्हणजे घरात दारूचे कोठार ठेवून दिवा उघडा ठेवणे. पण उरलेला अर्धा भाग १८१७-१८ ने खोटा ठरवला. दुसऱ्या बाजीरावाने शेवटचे सहा-सात महिने दुसरे काय केले? घोडदळ घेऊन दक्षिणोत्तर पळत राहिला, इंग्रजांना दमवत राहिला. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला बापू गोखले पडले, आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. घोडदळ पळू शकते. गाव राखू शकत नाही. आणि गावे शत्रूकडे गेली की दाणावैरण त्याच्याकडे जाते.

बापू गोखल्यांचे दुःख मला नेहमी अस्वस्थ करते. १८०३ ला नगरची पेठ पडली तेव्हा ते पेशव्यांचे घोडदळ घेऊन वेलस्लीच्याच छावणीत होते. इंग्रजी पायदळ कसे चालते हे त्यांनी जवळून पाहिले होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला त्यांनी अचूक क्षण साधला. इंग्रजांची एक पलटण पेशव्यांच्या पिंटो नावाच्या अंमलदाराच्या पायदळामागे धावत ओळीबाहेर गेली, आणि गोखल्यांनी त्याच फटीवर हजारो स्वार सोडले. कर्नल बरने शिपायांना जागेवर थांबवले. स्वार आणि रांग यांच्या मध्ये दलदल होती. घोडी तिच्यात रुतली आणि समोरून बार सुटले. जरीपटका सांभाळणारे मोरोपंत दीक्षित पडले. बाजीराव पर्वतीवरून बघत होता. आणि या लढाईत इंग्रजांच्या बाजूने फोर्डची दापोडीची पलटणही होती, जिला पगार पेशव्यांच्या खजिन्यातून मिळत आला होता. इथे माझ्या सिद्धान्ताला मुरड घालावी लागते. पगार दिला म्हणजे पलटण आपली होते असे नाही. तो कोणाच्या हातून मिळतो आणि हुकूम कोण देतो, हेही त्याच हिशेबात येते. द बॉयनला महादजींचा धाक होता. फोर्डला बाजीरावाचा नव्हता.

मग कोरेगाव. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. साधारण ५०० पायदळ, २५०-३०० स्वार, दोन तोफा आणि मद्रासचे गोरे गोलंदाज. सकाळी दहाच्या सुमारास भीमेकाठी पोहोचतो तो समोर पेशव्यांची फौज, त्यात सुमारे २०,००० घोडा. अशा वेळी उघड्या माळावर चौकोन केला असता तर तोफांनी त्याचे काय केले असते सांगायला नको. त्याने कोरेगाव गाठले. गावकुसाच्या भिंती हाच त्याचा चौकोन झाला. २०,००० घोडा नदीपलीकडे राहिला. गल्लीत घोडा काय करणार? अरब आणि इतर पायदळाने गावात घुसून दिवसभर कडवी झुंज दिली. आतल्यांना पाणी नव्हते, रात्रभराची चाल अंगावर होती, पोट रिकामे होते. तरी गाव पडले नाही. पडलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे गेली. मागून जनरल स्मिथ येत होता, आणि बाजीरावाने मुक्काम हलवला.

रसद नाही, पाणी नाही, तरी रांग टिकली. मग माझ्या म्हणण्याचे काय? या लढाईवर बोलताना हल्ली दोन्हीकडून आवाज चढतो. एक जण तिला निर्णायक विजय म्हणतो, दुसरा नुसती चकमक. लष्करी हिशेबाने ती चिवट बचावाची लढाई होती, आणि तसे म्हटल्याने त्या शिपायांचे मोल तसूभर कमी होत नाही. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांत २२ महार शिपायांची आहेत. त्यांच्या बाजूला मराठे, राजपूत, मुसलमान होते. ज्या व्यवस्थेने त्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते तिच्याच फौजेसमोर ते गावकुसाच्या आत उभे होते. कंपनीने त्यांना काही उदारपणे दिले असे मी म्हणत नाही. तिने गणवेश दिला, ठरलेल्या तारखेला पगार दिला, हुद्द्याची शिडी दिली, आणि रांगेत शेजारच्याच्या कोपराला कोपर लावून उभे केले. या शेवटच्या गोष्टीचे वजन त्या काळच्या महाराष्ट्रात किती होते हे ज्याला समजत नाही, त्याला कोरेगाव समजणार नाही. पेशव्यांच्या राज्याने त्या कोपराचा विटाळ मानला. तो माणूस पायदळात हवा होता, पण तो ज्या करारावर उभा राहिला असता तो करार पुण्यात कुणी लिहायलाच तयार नव्हते. इंग्रजांनीही तो पाळला नाही. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले ते सुभेदाराचे चिरंजीव होते. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले.

आता राळेगणला परत. १९६५ च्या युद्धात या गावचे किसन बाबूराव हजारे खेमकरण आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होते. पुढे ते अण्णा हजारे म्हणून देशाला माहीत झाले आणि त्या ट्रकची गोष्ट वैराग्याच्या कथेत जमा झाली: हल्ल्यात सोबती गेले, आपण वाचलो, म्हणून उरलेले आयुष्य गावाला. मला ती गोष्ट लष्करी अंगाने महत्त्वाची वाटते. खेमकरणजवळ असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबरच्या दरम्यान आपल्या चौथ्या पहाडी डिव्हिजनने केलेला व्यूह म्हणजे जुन्या चौकोनाचाच नातू. समोर पॅटन रणगाडे, म्हणजे त्या काळचे घोडदळ. आपले पायदळ मागे सरले आणि घोड्याच्या नालेच्या आकारात ठाण मांडून बसले. शेते पाण्याने भरून टाकली. खडकीला निसर्गाने केलेले काम इथे कालव्यांनी केले. उसात दडलेल्या तोफांनी रणगाडे अगदी जवळ येऊ दिले आणि मग मारले. अब्दुल हमीद जीपवरची तोफ चालवताना पडले, त्यांना परमवीर चक्र मिळाले. पाकिस्तानचे शंभराच्या आसपास रणगाडे त्या चिखलात निकामी झाले किंवा हाती आले.

नालेचा तो आकार आज लष्करी अभ्यासात शिकवला जातो. पण त्याच्या आत बसलेल्या जवानाला गोळा, डिझेल, पाण्याचे पिंप आणि चपात्या कोण पुरवत होते? मागचा रस्ता उघडा होता म्हणून नाल टिकली, आणि रस्ता उघडा राहतो तो त्यावरून विमानांच्या छायेत ट्रक चालवणारी माणसे असतात म्हणून. पानिपतावर कुंजपुरा आणि दिल्ली यांच्यातला तो रस्ता बंद झाला होता. भाऊंना दोष द्यायचाच असेल तर गोल बांधल्याचा देऊ नये. पाठीमागची यमुना आणि तिचे उतार मोकळे ठेवून कुंजपुऱ्याला गेल्याचा द्यावा.

नगरमध्ये आज चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे अशी दोन्ही प्रशिक्षण केंद्रे आहेत. रणगाडे बघायला शाळांच्या सहली येतात. पारनेर, श्रीगोंदा, शिरूरच्या गावांत निवृत्त फौजी आहेत, आणि त्यांत चालक, स्वयंपाकी, पाणी आणि दारूगोळा वाहणारे पुष्कळ आहेत. १९६५ आणि १९७१ पाहिलेले आता सत्तरी-ऐंशीच्या घरात किंवा पुढे गेले आहेत. त्यांच्या मुलाखती होतात तेव्हा त्यांना शौर्याचे प्रसंग विचारले जातात, आणि ते बिचारे संकोचून म्हणतात, आम्ही काय, गाडी चालवली. इतिहासाची आवड असलेल्या शिक्षकांना आणि पोरांना माझी विनंती आहे की त्यांच्याकडे वही घेऊन बसा आणि गाडीचेच विचारा: कोणत्या रस्त्याने, रात्री किती फेऱ्या, पाणी कुठून भरले, पगार घरी कसा पोहोचला, कोणत्या दिवशी जेवण पोहोचले नाही आणि त्या दिवशी पुढे काय झाले. काशीराजाने इब्राहिमखानाचे पगाराचे बोलणे लिहून ठेवले नसते तर पानिपताबद्दल आपल्याला नुसता गोलच माहीत असता. ही कामे या दोन-चार वर्षांत झाली नाहीत तर नंतर होणार नाहीत.